बाबा रडले नव्हते

बाईंनी मला शाळेच्या वार्षिक अंकाची संपादक केलं आणि तेव्हापासून माझे हात नुसते शिवशिवायला लागले. आम्ही तिघं होतो. शुद्धलेखन बघणारा वर्गातला मुलगा, ज्याला सगळे मात्रामास्तर म्हणायचे, पानांची मांडणी करणारी एक मुलगी आणि मजकूर बघणारी मी. कोणाचाही लेख उघडला की त्यातलं पहिलं वाक्य उचलून तिसऱ्या जागी ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बाईंचा नियम एकच होता. संगणकावर 'सूचना' चालू ठेवूनच काम करायचं. मग आपण खोडलेलं लाल होऊन जागेवरच राहतं, नवं हिरवं होऊन शेजारी बसतं आणि काय ठेवायचं ते लिहिणारा ठरवतो. कासवाचा लेख आला तेव्हा मी 'सूचना' सरळ बंद केल्या. कासव म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. डबा उघडायलासुद्धा हिला पाच मिनिटं लागतात. हिच्या हो-नाहीची वाट बघितली असती तर अंक पुढच्या वर्षीच निघाला असता!

लेख तिच्या बाबांवर होता. तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. शेवट असा: 'बाबा घरी आले. बूट काढले. झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.'

हा काय शेवट झाला? मी तो पुसला. माझ्या शेवटात बाबांनी रिकाम्या बसचं स्टिअरिंग कुरवाळलं आणि ते लहान मुलासारखे ढसाढसा रडले. लिहिताना मलाच हुंदका आला.

सोमवारी बाई वर्गात तिला म्हणाल्या, "तुझा शेवट वाचून अंगावर काटा आला गं! पहिल्या पानावर घेऊ. आणि प्रकाशनाला बाबांना बोलाव, त्यांच्यासमोर वाचायचा."

मला बाकावर बसवेना. 'माझा आहे तो शेवट!' अगदी जिभेवर आलं होतं. कासव मात्र लाजून हसत होती. तिला वाटलं, बुटांचंच कौतुक चाललंय.

मधल्या सुट्टीत तिने संगणकाच्या खोलीत लेख उघडला. घंटा झाली की अंकातल्या पहिल्या काही लेखांसोबत ही फाइल छापायला जाणार होती. तिने शेवटपर्यंत वाचलं. मग परत वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी! कसं जमलंय?"

"बाबा रडले नव्हते."

"अगं, लेखात चालतं तेवढं."

"डेपोतले सगळे काका येणार आहेत ऐकायला. बाबांना म्हणतील, काय रे, रडलास म्हणे? आणि बाबा मला विचारतील, तू कधी पाहिलंस?"

"पण बाईंना तोच तर आवडलाय!"

"मग बाईंच्या बाबांना रडव की!"

मात्रामास्तर फिस्सकन हसला. माझे कान तापले. जुना मजकूर एका क्लिकवर परत आला असता. बुधवार, पाच वाजून दहा मिनिटं, फाइलच्या इतिहासात माझ्या नावापुढे सगळी नोंद होती. पण बाईंनी मंजूर केलेल्या फाइलला त्यांना न विचारता हात लावायचा नव्हता. म्हणजे जाऊन सांगणं आलं. मी दोन-दोन पायऱ्या उतरत शिक्षकांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"म्हणजे माझ्या अंगावर काटा आणलास तो तू?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

बाई हसल्या नाहीत. "जुना शेवट परत टाक. पहिलं पान मात्र आता दुसऱ्याला. हा लेख नवव्या पानावर. आणि उद्यापासून मजकूर मात्रामास्तर बघेल."

जिना मी एकेक पायरी चढत वर आले. कासवाला पान सांगितलं. ती म्हणाली, "नऊ तर नऊ."

मी बूट आणि झोप जागेवर आणले. ती पडद्याकडे बघत बसली. मग एकेक कळ शोधत तिने टाइप केलं: 'झोपेत त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता.'

"हे आधी का नाही लिहिलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

घंटा झाली. मांडणीवाली दारातून ओरडली, "झालं का? पाठवू?"

"थांब," मी म्हटलं. "ती अजून लिहितेय."