करणारं कोणी नाही

उकंडाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्याची बायको शकुबाईच त्याचं सगळं करत होती. भरवायचं, पुसायचं, अंगाखालचं बदलायचं. लेकरूबाळ एकही वाचलं नव्हतं. पण आता तिचीच कंबर धरली होती. उकंडा हाडापेराचा दांडगा; त्याला कुशीवर वळवता वळवेना. पाठीला जखमा झाल्या, त्यांना वास येऊ लागला.

त्या साली पंचायत समितीने नवीन सोय काढली. पडून असलेल्या म्हाताऱ्यांचं करायला घरी बाई येणार, पगार सरकार देणार. गावाच्या वाट्याला एकच बाई आली आणि अंथरुणाला खिळलेले होते तिघं. कोणाला द्यायची ते ठरवायला समितीच्या सत्यशीलाबाई आल्या. त्यांनी स्वतः वाकून जखमा पाहिल्या.

"आजी, घरात करणारं कोणी नसेल त्यालाच बाई मिळते. तुम्ही आहात ना."

"मी हाओ, पण माह्यानं होत नाई, बाई."

"दिसतं मला. पण नियमाला ते दिसत नाही," सत्यशीलाबाई खाली बघत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात साहेब चौकशीला येतील."

शकुबाईने बरेच दिवस मनाशी घोळवलं. नेरच्या पलीकडे तिची बहीण मोतीबाई राहत होती. आपण तिच्याकडे गेलो तर उकंडा एकटा ठरेल, हे तिला कळत होतं. पण त्याला खरं सांगायची सोय नव्हती. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून तो खोटं बोलत नसे. बाजारात वांगी विकायचा तेव्हाही किडकं वांगं स्वतःच बाजूला काढून दाखवायचा. साहेबांनी विचारलं असतं तर त्याने सगळं सांगून टाकलं असतं.

"माह्यानं आता होत नाई," एका सकाळी ती त्याला म्हणाली. "मी चालली मोतीकडे. वापस येत नाई."

शेजारच्या इंदूबाईला दोन वेळच्या भाकरीचं सांगून शकुबाई निघाली.

चौकशीत उकंडाने सांगितलं, "बायको सोडून गेली." त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. चंदाबाई नावाची बाई त्याच्याकडे लागली.

थंडीत एका दुपारी, चंदाबाई गेल्याचं पाहून, शकुबाई घरात शिरली. उकंडाला कुशीवर निजवलेलं होतं, अंगाखाली धुतलेली वाकळ होती, केस विंचरलेले होते. तिने सदरा वर करून पाठ पाहिली. जखमा सुकल्या होत्या. तिला बरं वाटलं. मग तिने बाजूला बसून आपण का गेलो ते सगळं सांगितलं.

"खरं असन तं राहाय आता इथंच," तो ओढत ओढत बोलला.

"राह्यली तं बाई बंद होते."

"मंग आली कायले?"

"तुमाले पाहाले."

"पाह्यलं ना. जाय."

कूस वळवणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. शकुबाई त्याच्या उजव्या पायावर हात ठेवून बसून राहिली. तो पाय बधिर होता, त्याला ते कळलंही नसावं. उन्हं कलली तशी ती मागच्या दाराने निघाली.

उन्हाळ्यात उकंडा गेला. निरोप मोतीबाईच्या गावी पोचेपर्यंत माती झाली होती. चंदाबाईला आता अंथरुणाला खिळलेल्या डोमाजीकडे लावलं होतं. शकुबाई घरी आली, तर दारात कोणी आलं नाही. नवऱ्याला टाकून गेलेली बाई घरासाठी परत आली, असंच गाव बोलत होतं.

तिने इंदूबाईला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. इंदूबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"असन बाई," ती म्हणाली, आणि चुलीवर वरण ठेवलंय म्हणून उठून गेली.