शुद्धीवर आणलेला माणूस

कुशाबाला दारू सोडवायला महाडच्या दवाखान्यात घेऊन निघाली, तेव्हा अख्ख्या वाडीने चंद्रभागेचं कौतुक केलं. नवऱ्यासाठी एवढं कोण करतं, असं जो तो म्हणत होता. सासू ठमाबाईनेसुद्धा कितीतरी दिवसांनी तिच्याकडे धड नजरेने पाहिलं. चंद्रभागा कोणाला काही बोलली नाही. कुशाबा बरा व्हायला हवा, हे खरंच होतं. पण कशासाठी, ते तिचं तिला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, भाताची झोडणी उरकली होती त्या दिवसांत, त्यांची मंजुळा विंचवाने गेली. सात वर्षांची पोर. दुपारी चुलीसाठी लाकडं आणायला पडवीत गेली, ढिगात हात घातला आणि किंचाळली. लाल विंचू होता. थोड्याच वेळात पोरीला दरदरून घाम सुटला, उलट्या लागल्या, हातपाय गार पडले. पोलादपूरच्या त्या डोंगरपट्ट्यात विंचवाने पोरं दगावतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि महाडला वेळेवर पोचवली तर वाचतात हेही माहीत होतं. कुशाबा पोलादपूरला जीप आणायला पळाला. चंद्रभागा पोरीला मांडीवर घेऊन वाटेकडे डोळे लावून बसली. उन्हं उतरली. पोरीच्या तोंडाला फेस आला. शेवटी शेजाऱ्यांनी डोली बांधली, पण डोली वाडीबाहेर पडायच्या आत मंजुळा गेली.

कुशाबा दिवेलागणीला आला. गाडीच मिळाली नाय, एवढं म्हणाला आणि ओटीवर पडून राहिला. त्याच्या तोंडाला वास येत होता. पण पोर गेलेल्या बापाने घोटभर घेतली तर त्याला कोण काय बोलणार?

बोल लागला तो चंद्रभागेला. पोरीला लाकडांत हात घालायला आयशीनेच धाडली, असं ठमाबाई सुतकात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती. सुतक संपलं तरी तिचं सांगणं संपलं नाही. पाणवठ्यावर, लग्नात, बारशात, जिथे चार बायका जमतील तिथे ती तेच बोलायची. चंद्रभागा समोर असली तर जरा मोठ्याने बोलायची. हळूहळू बायका आपली पोरं तिच्याजवळ द्यायला कचरू लागल्या. चंद्रभागेलाही वाटायचं, खरंच आपणच धाडली.

मग एकदा पोलादपूरच्या बाजारात तिला दत्ताराम भेटला. स्टँडवर जीप लावायचा तो. तो हळहळला आणि म्हणाला, "वयनी, त्या दिवशी सबंध दुपार मी स्टँडवरच व्हतो. गाडी रिकामी उभी व्हती. मला नुसती हाक मारली असती तर ताटावरनं उठून आलो असतो."

हाक मारायला कोणी आलंच नव्हतं. दत्तारामने स्टँडमागच्या गुत्त्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पुढचं चंद्रभागेला विचारावं लागलं नाही.

घरी येऊन ती हे कुशाबाशी बोलायला गेली, तर तो प्यालेला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तो सकाळपासूनच प्यायला लागला होता. ती मंजुळेचं नाव काढी, तो भोकाड पसरून रडे, आणि रडता रडता झोपी जाई. उठला की त्याला काही आठवत नसे. एकदा तिने त्याला वहाणेने मारलं. सकाळी गालावरचा वळ चाचपत, मी कुठे पडलो गो, असं त्याने तिलाच विचारलं. त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की प्यालेल्या माणसाला काहीच पोचत नाही, ना शिवी, ना मार. हा दारूत लपून बसलाय. याला आधी तिथून ओढून बाहेर काढला पाहिजे.

शिमग्यात कुशाबाला रक्ताची उलटी झाली आणि तो मरणाला भ्याला. महाडला एक डॉक्टर दारुड्यांना ठेवून घेऊन बरं करतात, असं चंद्रभागेने ऐकलं होतं. त्यांनी आपल्या दवाखान्यातली मागची खोली त्यासाठीच राखली होती. ती कुशाबाला घेऊन एस.टी.त बसली.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. दाखल करण्याआधी त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. पिशवी तपासली जाईल. दाढीचं पातं, खोकल्याचं औषध, असलं काही आत न्यायचं नाही. बाहेर जायचं नाही, गावचं कोणी भेटायला यायचं नाही. घरचं एक माणूस सोबत राहील. दारू बंद झाली की पहिले काही दिवस फार वाईट जातात. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, अन्न टिकत नाही, झोप लागत नाही. कधी कधी नसलेलं दिसू लागतं, किडे, जनावरं, माणसं. फिटही येऊ शकते, त्यात जीवाला धोका असतो. म्हणून जरा काही वेगळं दिसलं की लगेच सिस्टरना हाक मारायची. सलाइन लावू, इंजेक्शनं देऊ, झोपेच्या गोळ्या देऊ. हे दिवस सरले की भूक लागेल, डोकं ताळ्यावर येईल, आणि मग खरं काम सुरू होईल, ते बोलण्याचं.

कुशाबा ऐकूनच रडवेला झाला. चंद्रभागा मात्र पुढे सरकून बसली होती.

"तरास व्हतोय ता ह्यांना कळंल ना?" तिने विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरली. "कळेल. पण आम्ही आहोत, तुम्ही काळजी करू नका."

"आनी मंग मागचा सगला आठवंल?"

"बरंचसं आठवेल."

"तर मंग ठेवून घ्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. कुशाबाला पाण्याचा पेला धरवेना. दात वाजायचे, अंथरूण घामाने भिजायचं. मला घरी ने, तुझ्या पाया पडतो, असं तो म्हणायचा. चंद्रभागा त्याचं तोंड पुसायची, चादर बदलायची, आणि स्टुलावर बसून त्याच्याकडे पाहत राहायची. जानकीसिस्टर इतर बायकांना तिचा दाखला देऊ लागल्या. ही बघा, अशी सेवा करावी माणसाने.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा एकदम उठून बसला. चादर झटकू लागला. चादरीवर विंचू आहेत, भिंतीवरून उतरताहेत, असं बसक्या आवाजात पुटपुटू लागला. मग तो कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पोरीला उचल गो. मंजुळेला उचल. तिच्या अंगावर चढतायत."

कोपऱ्यात काही नव्हतं. सिस्टर पलीकडच्याच खोलीत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. चंद्रभागेने हाक मारली नाही. ती स्टुलावर हात बांधून बसली. दोन वर्षं जे तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं ते आता त्याला दिसत होतं, आणि ते तिला बंद करायचं नव्हतं. तो हात जोडत होता, भिंतीला पाठ घासत होता. ती पाहत राहिली. मग त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि तो कॉटवरून खाली कोसळला. तोंडाला फेस आला.

तो फेस पाहिला मात्र, चंद्रभागा किंचाळत दाराकडे धावली.

सिस्टरनी इंजेक्शन दिलं, डॉक्टर आले, आणि दुपारपर्यंत कुशाबाचा श्वास सरळ झाला. त्याची घासून सोलवटलेली पाठ पाहून, हाक मारायला एवढा वेळ का लावलात, असं सिस्टरनी तिला बाजूला घेऊन विचारलं. मी बघत व्हते, एवढंच चंद्रभागा म्हणाली. त्यानंतर सिस्टरनी तिचा दाखला कोणाला दिला नाही. चंद्रभागा किंचाळत धावली होती, पण ती कुशाबाच्या मायेने नव्हे. हा मेला असता तर सुटला असता, आणि ठमाबाईने तो बोलही आपल्यालाच लावला असता, हे तिच्या मनात आलं होतं.

पुढे त्याची थरथर थांबली. तो भात मागून खाऊ लागला, खोली झाडू लागला, दाढी करून घेऊ लागला. त्याचे डोळे निवळले. तिला पुन्हा ओळखीचा माणूस दिसू लागला, आणि ती याचीच वाट पाहत होती.

डॉक्टर आठवड्यातून एकदा पेशंट आणि त्यांची माणसं एकत्र बसवायचे. दारूने आपलं काय केलं ते घरच्यांनी बोलायचं, पेशंटने मधे न बोलता ऐकायचं. चंद्रभागेची पाळी आली. तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. लाकडांचा ढीग, मांडीवरची पोर, वाट, डोली. मग ती कुशाबाकडे वळली. "गाडी मिलाली नाय, असा तुमी सांगितलात. दत्ताराम दुपारभर स्टँडवर व्हता. तुमी कुठं व्हतात?"

कुशाबाने सांगितलं. धावत गेलो, छाती भरून आली, हात कापत होते. घोटभर घेतो नि दत्तारामला उठवतो, असं म्हणून गुत्त्यात शिरलो. मग आणखी एक घेतला. बाहेर आलो तेव्हा सांज झाली होती. परत यायची भीती वाटली म्हणून आणखी प्यालो.

"ह्या सगला घरी जाऊन बोलायचा," चंद्रभागा म्हणाली. "आयशीसमोर. भावकीसमोर."

त्याने हात जोडले. मला मार, पण आईसमोर नको. डॉक्टरांनीही तिला नंतर समजावलं की माणूस अजून कच्चा आहे, घाई केलीत तर शरमेने पुन्हा पिईल.

"मी पिऊ देनार नाय," चंद्रभागा म्हणाली.

सुट्टी मिळाली त्या दिवशी वाडीने कुशाबाचं स्वागत केलं. अंगणात भावकी जमली, ठमाबाईने लेकाला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर चंद्रभागेने त्याच्याकडे पाहिलं. आणि तो बोलला. खाली बघत, अडखळत, पण काही न वगळता बोलला. ठमाबाईच्या हातातलं तबक कलंडलं.

सगळं ऐकून झाल्यावर म्हातारी लेकाला म्हणाली, "कुशा, तू पीत व्हतास ताच बरा व्हता रे."

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. पाणवठ्यावरचं तिचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. माणसं एकेक करून उठून गेली. जाताना दोघीतिघी चंद्रभागेजवळ थांबल्या, एकीने तिच्या दंडावर हात ठेवला. चंद्रभागेने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, आणि कितीतरी दिवसांनी ती पोट भरेस्तोवर जेवली. कुशाबा अंगणातच बसून होता. तिने त्याला हाक मारली नाही.

आई लेकाचं तोंड पाहीना, म्हणून पावसाळ्याआधी दोघं महाडजवळ बिरवाडीला खोली घेऊन राहिली. कुशाबाला कारखान्यात काम लागलं. डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, ती रोज घ्यायची. ती पोटात असताना दारू घेतली तर तोंड भाजल्यासारखं होतं, छाती धडधडते, माणूस गडबडा लोळतो. गोळी घरच्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायची होती. चंद्रभागेने एक दिवस चुकवला नाही. चहाआधी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवी, पाणी देई, आणि गिळून झाल्यावर त्याला तोंड उघडून दाखवायला लावी. शेजारच्या बायका म्हणत, किती जपते नवऱ्याला.

कुशाबा आता प्यायचा नाही आणि झोपायचाही नाही फारसा. मंजुळेविषयी तिने आपणहून पुन्हा शब्द काढला नाही, त्याची गरजच उरली नव्हती. एका सकाळी गोळी हातात घेऊन त्याने विचारलं, "किती वरसं घ्यायची ही, गो?"

"मंजुळा लग्नाची व्हईस्तोवर," ती म्हणाली.

त्याने गोळी तोंडात टाकली, पाण्याबरोबर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. मग चपला घालून तो पहिल्या पाळीला निघून गेला.