रफूवालीच्या मानेचा पट्टा

मी एक जुना मानेचा पट्टा आहे. आत फोम, वर बदामी कापड, मागे चिकटणारी पट्टी. मान धरणे एवढेच माझे काम, आणि मित्रांनो, ते मी इमानेइतबारे केले. तरीही जिची मान मी साडेतीन महिने धरली, तिचे दुखणे माझ्यामुळेच...

थांबा. असे सांगितले तर तुम्ही लगेच निकाल द्याल. माझाच निकाल अजून लागलेला नाही. पुन्हा सुरुवात करतो.

मी एक जुना मानेचा पट्टा आहे. एका लांबट खोलीत फोमच्या ठोकळ्यातून मला कापले आणि हनुवटीसाठी पुढे खाच दिली. माझे पहिले मालक टेम्पो चालवत. त्यांच्या टेम्पोला मागून धडक बसली आणि मान लचकली. डॉक्टर म्हणाले, "थोडेच दिवस घाला, तेही फार दुखेल तेव्हा." नवव्या दिवशी त्यांनी मला काढले आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, "या पट्ट्यानं वाचवलं बुवा!" मग कपाटावर, मोडक्या छत्रीशेजारी, मी चार वर्षे पडून राहिलो. 'वाचवलं' तेवढे माझ्या लक्षात राहिले. 'थोडेच दिवस' मी विसरलो. ते घरातलेही विसरले.

टेम्पोवाल्यांच्या बायकोची वहिनी रफूवाली होती. कोटाला पडलेले भोक, शालीला लागलेली कसर, सगळे ती असे भरून काढी की गिऱ्हाईक भोक शोधत बसे. खिडकीपाशी बुटके टेबल, मांडीवर कापड, हनुवटी छातीला टेकलेली. मान मोडून काम करणे म्हणतात ते ती खरोखरच करी. त्यात रोज तासभर नणंदेचा फोन. हात कामात, म्हणून फोन कान आणि खांदा यांच्या चिमट्यात. झोपताना दोन उशा, एकीवर एक. शेवटी मान दुखू लागली.

अर्थात हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच कळले, की कोणीतरी मला झटकले आणि पिशवीत घातले.

"वहिनी, हा घाल. आमच्या ह्यांना नऊ दिवसांत गुण आला."

"अहो वन्सं, पण कोणाला विचारायला नको का?"

"विचारायचं काय त्यात? पट्टा आहे, गोळी नाही. घातला म्हणून पोटात जाणार आहे का?"

मी तिच्या गळ्यात पडलो. पहिल्या आठवड्यात तिला बरे वाटले. मी फुशारलो. बरे वाटले म्हणून ती जास्त वेळ बसू लागली. मान वाकत नव्हती, म्हणून पाठ वाकवू लागली. मी मान सरळ धरली होती हो! पाठीचे काय, ते मला कोणी सांगितले नव्हते.

मला फक्त हनुवटी खालून दिसते. पण घसा मला टेकलेला असतो, त्यामुळे गिळलेला आवंढा मला सगळ्यांच्या आधी समजतो. तिसऱ्या महिन्यात ती वारंवार आवंढे गिळू लागली. का, ते कळेना. मग एकदा एका पांढऱ्या कोटावर लाल ठिपका पडला. सुई अंगठ्यात घुसली होती आणि तिला ते समजलेच नव्हते.

रफू डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त करतात, मित्रांनो. तुटलेला धागा कुठे संपतो, ते बोट सांगते. तिचा उजवा अंगठा आणि शेजारचे बोट काही सांगेनासे झाले होते. तिने घरात कोणाला कळू दिले नाही. मला मात्र बोटभर जास्त आवळले. मीही जीव तोडून धरले.

दुखते मानेत, मुंग्या अंगठ्यात. यात माझे चुकले कुठे?

कोटावरचा ठिपका भेटायला आलेल्या नणंदेने पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी ती वहिनीला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हातातली ताकद तपासली, फोटो काढला आणि फिजिओथेरपी सांगितली.

फिजिओ एक तरतरीत मुलगी होती. तिने आधी मला काढून खुर्चीवर ठेवले.

"काकू, हा किती दिवस घालताय?"

"साडेतीन महिने झाले की."

"आणि सांगितला कोणी?"

रफूवालीने नणंदेकडे पाहिले. नणंद भिंतीवरचा सांगाडा न्याहाळू लागली.

"हात प्लॅस्टरमधून निघाला की कसा काडीसारखा होतो, पाहिलंय ना? तसंच मानेचं. सगळा भार यानंच उचलला, तर स्नायूंनी काय करायचं? बसून खायचं?"

"म्हणजे या पट्ट्यानंच केलं सगळं?" नणंदेने विचारले. तिचा आवाज बारीक झाला होता.

"नाही हो. मूळ दुखणं बसण्याचं. तासन्‌तास मान खाली, फोन खांद्यात, उशा दोन. मानेतून हाताकडे जाणारी नस दाबली जातेय, म्हणून मुंग्या. पट्ट्यानं फक्त ते झाकून ठेवलं."

झाकून ठेवले! मी? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत. पण पखालीचा यात दोष काय, हे कोणी सांगेल का?

"माझी बोटं परत येतील का गं?" रफूवालीने विचारले. तो आवंढा मी खुर्चीवरूनही ओळखला.

"बहुतेक येतील. वेळ लागेल. मुंग्या वाढल्या किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर मात्र तडक डॉक्टरकडे जायचं. आता हनुवटी मागे घ्या. खाली नाही हो, मागे! कोणी नको ते विचारलं की आपण मागे सरकतो, तशी."

"वन्सं विचारतात तेव्हा सरकते तशी?"

नणंद हसली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

त्यानंतर मी खणात. खण नीट मिटत नसे, त्या फटीतून मी पाहत असे. टेबलाखाली विटा आल्या. टेबलावर उतरती फळी आली, म्हणजे कापडच डोळ्यांसमोर. दर वीस मिनिटांनी घड्याळ वाजे, मग ती उठून खांदे मागे खेची. तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला हलकेच रेटा देई. फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोले, त्यामुळे नणंदेच्या गोष्टी आता आख्ख्या घराला पाठ. उशी एकच.

सहा आठवडे झाले. मान वळू लागली. अंगठ्याचे मात्र ती बोलत नसे. मी नव्हतो तरी बरे होत होते. की नव्हतो म्हणून? मला आनंद झाला. वाईटही वाटले. दोन्ही एकदम कसे वाटते, ठाऊक नाही.

मग शाळेच्या बँडचे चौदा कोट एकदम आले. तिने घड्याळ बंद केले आणि संध्याकाळपर्यंत बसली. मान पुन्हा ठणकली. खण उघडला. मी तिच्या हातात.

खोटे कशाला बोलू? मला वाटले, घाल. एकदाच घाल.

तिने मला गळ्यापर्यंत नेले आणि तिथेच थांबली. मग मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसून राहिली. उजवा अंगठा माझ्या कडेवरून नुसता फिरत होता. फिरता फिरता अडला.

"अगं बाई, उसवलाय की हा!"

माझी शिवण दोन टाके सुटली होती. मला स्वतःला ते माहीत नव्हते. तिने डोळे उघडलेच नव्हते.

ती पुन्हा पुन्हा तेवढ्याच जागेवर अंगठा फिरवत राहिली. मग उठली, हनुवटी दहा वेळा मागे घेतली, फळी वर सरकवली आणि बदामी धागा ओवून माझे दोन टाके घातले. कोट उद्यावर टाकले.

मित्रांनो, मी वाईट नाही. आधार वाईट नसतो. पण कोणाची मान दुखली तर कपाटावरचा पट्टा काढून देऊ नका. आधी जाणकाराला विचारा आणि ती मान दिवसभर कशी बसते ते पाहा. मला घातलेच, तर कधी काढायचे तेही विचारून ठेवा. ते मला कळत नाही. मला फक्त धरता येते.