मला वाजवायला दोघे लागतात

मित्रांनो, मला गिटार म्हणतात खरे, पण मला कोणी छातीशी धरत नाही. मी अरुंद मेजासारखी चार पायांवर उभी असते. पाठीवर दहा तारा, खाली पेडल. वाजवणाऱ्याने उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या घालून तारा छेडायच्या, डाव्या हाताने पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, पायांनी पेडल दाबायचे, गुडघ्यांनी दांडे ढकलायचे. म्हणून मी पेडल स्टील गिटार. आता माझे सांधे कुरकुरतात. फार बोलले की दम लागतो, तरी ऐका.

एका लेथवाल्याने मला आपल्या कारखान्यात हौसेने घडवले. पुढे नाचघरात मी वर्षानुवर्षे रडले. कामच ते होते. लांब, ओला सूर ओढायचा. लोक डोळे पुसायचे आणि टाळ्या वाजवायचे.

नाचघर बंद पडले आणि मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे आले. त्याला सगळे ‘कवळीवाला’च म्हणत.

“हिला आता रडवायचं नाही, पळवायचं,” तो बायकोला म्हणाला.

त्याला जॅझ वाजवायचे होते. मित्रांनो, जॅझ म्हणजे एका सुरावर जरा बूड टेकावे तोच उठून दुसरीकडे पळावे. त्यातल्या एका अवघड चालीने त्याला वेड लावले. मधल्या वळणावर तो रोज अडखळायचा. कांडी पोचायची तेव्हा पाय मागे राहायचा, पाय पोचायचा तेव्हा गुडघा चुकायचा. बायको खिडकीपाशी मशीनवर कपडे शिवत असायची.

“अहो, तुमचं अडणंसुद्धा मला पाठ झालं,” ती म्हणायची.

मग एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. डावे अंग लुळे पडले. इस्पितळातून तो घरी परतला, पण माझ्याकडे पाठ करून बसू लागला. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग चढले. तारा गंजल्या. वाद्याला इतके गप्प बसवू नये, मित्रांनो. आपण वाद्य आहोत हेच ते विसरत जाते.

एकदा बायकोचा भाऊ आला. “ताई, ही उगाच जागा अडवतेय. देऊन टाक कुणाला तरी.”

कवळीवाला भिंतीकडे बघत म्हणाला, “न्या.”

 भाऊ गेल्यावर तिने कपडे उचलले, गंजलेल्या तारा बदलल्या, शिलाई मशीनचे तेल माझ्या सांध्यांत सोडले. मग त्याची खुर्ची ओढत माझ्यापाशी आणली आणि स्वतः त्याच्या डावीकडे बसली.

“सांगा, कुठलं पेडल?”

“चेष्टा करतेस माझी?”

“चेष्टेला वेळ कुठाय मला? उजवा हात तुमचा शाबूत आहे. डावा माझा घ्या. पायही माझेच घ्या.”

 मग त्याने नख्या मागितल्या.

किती भांडले हो ते! ती शिलाईच्या सवयीने पेडल हलवतच राहायची.

“अगं, मशीन नाही ते! दाबून धर!”

“मग तसं आधी सांगायचं!”

एकदा त्याने नख्या काढून भिरकावल्या आणि लहान मुलासारखा रडला. तिने पलंगाखाली वाकून त्या गोळा केल्या. “झालं? घाला परत.”

अखेर एका दुपारी ते अवघड वळण पार पडले. निम्म्या वेगाने, धापा टाकत, एक सूर तर चक्क बेसूर. टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

“आलं की हो!” ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्या सुरावर नखी ठेवली.

आता आम्ही तिघेही थकलो आहोत. हल्ली वाजवता वाजवता त्याचा डोळा लागतो, डोके तिच्या खांद्यावर येते. तिच्या पायाला रग लागते, पण ती पेडल सोडत नाही. सोडले तर सूर उतरेल आणि तो जागा होईल, असे तिला वाटते. खरे तर तारा केव्हाच गप्प झालेल्या असतात.

मित्रांनो, वस्तू असो की माणूस, दमले म्हणून कोपऱ्यात सारू नका. फार काही लागत नाही आम्हाला. थोडे तेल द्या, आणि जवळ बसा.