पुढचा डावा खूर

१९१९ साली रवळू बसऱ्याच्या लढाईवरून बेळगुंदीला परतला तो अगदी धडधाकट. बंदूक त्यानं कधी हातात धरलीच नव्हती. तीन वर्षं फौजेची खेचरं हाकली, त्यांचं चारापाणी केलं, आणि एखादं मेलं की त्याचा नंबर डागलेला खूर कापून साहेबापुढं नेऊन ठेवला. कारण खूर हाती आल्याशिवाय जनावर मेलं असं फौज मानत नसे. "लढाईला गेलतास का जनावरांच्या बाजाराला, रं?" असं गाव विचारी, आणि रवळूही हसण्यावारी नेई.

पण बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायचं नाव काढलं, की हा गडी घरातून नाहीसाच व्हायचा. बिनपत्रीचे खूर खडीच्या रस्त्यावर झिजून रक्ताळले, गाडी दारात उभी राहिली आणि घरात एकवेळचीच चूल पेटू लागली. गुणाबाईला मात्र चुलीपेक्षा नवऱ्याचीच काळजी जास्त. तिचा माणूस अजून वाटेतच कुठंतरी राहिला होता, आणि तो तिला घरी हवा होता.

त्यातच एका सकाळी सारवलेल्या अंगणात तिला खुरांचे ठसे दिसले. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. हे गोल, अखंड होते. गावात घोडं एकच, पाटलांचं, आणि त्याचा खूर याच्या दीडपट. ती रोज सारवत राहिली आणि ठसे रोज हातभर घराकडे सरकत राहिले. नीट निरखल्यावर तिच्या ध्यानात आलं, की पुढचा डावा पाय कुठंच टेकलेला नव्हता.

दुपारी भाकरी वाढताना तिनं एवढंच विचारलं, "खूर कापताना कंदी चुकलासा काय वो?"

रवळूच्या हातातला घास ताटात पडला.

"पुढचा डावा," तो म्हणाला. "मेलं म्हणून कापला गं. कापल्यावर त्यानं डोळं उघडलं. वरडलं बी न्हाय. लई गरीब जनावर. साहेबाला खूर दिला, म्हंजे ते मेलंच. तसंच टाकून आलो मी. माझा पाय मागितला असता तरी दिला असता गं त्याला."

तो लहान मुलासारखा रडला. गुणाबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. मग तिनं अंगणात कडब्याची पेंढी ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "ये रं बाबा. काय घ्यायचं ते घे, पर माझा माणूस मोकळा कर."

सकाळी पेंढी संपलेली होती. ठसे उंबऱ्यापर्यंत येऊन वेशीकडे वळले होते, आणि जाताना चारही खूर नीट टेकले होते. गुणाबाईनं हात जोडले, डोळे पुसले आणि अंगण पुन्हा सारवून काढलं.

रवळू कधी नव्हे तो शीळ घालत बाहेर आला. "बैलास्नी पत्री मारून आणतो गं," म्हणाला, आणि गोठ्याकडे निघाला; ताठ, दोन्ही पायांनी सरळ चालत.

"अवो, वल्लं हाय!" असं ती लटक्या रागानं ओरडणार होती, तोच तिची नजर खाली गेली. ओल्या सारवणावर त्याच्यामागं फक्त उजवीच पावलं उमटत होती.