डोळे मिचकावा, आबाजी

आबाजींसमोरच्या टेबलावर पाच गोळ्या, दोन चष्मे, पाण्याचा एक पेला, अर्धी पोळी आणि माझा मोबाइल होता. टेबलामागे आबाजी, माझे आजोबा. डोळ्यांची उघडझाप मिनिटाला तीन. निरोगी माणसाची पंधराच्या आसपास असते. कंपवातात चेहरा आखडतो आणि पापण्याही कामचुकार होतात.

पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर निघतो. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले की माणूस जिवंत. आबाजींना अॅपनं तीनदा नापास केलं होतं.

"राहू दे, स्पृहा," ते म्हणाले. "मशीन बरोबर सांगून राह्यली. मलेही तसंच वाटते."

चार दिवस हेच चाललं होतं, आणि ताटात अर्धं जेवण तसंच राहत होतं. पेन्शन महिनाभर उशिरा आली असती तरी भागलं असतं. त्यांना मशीनचं म्हणणं पटत होतं, ते भागणारं नव्हतं.

म्हणून मी त्यांच्या जुन्या दोस्ताला, मुख्तारचाचांना बोलावलं. नेरच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शुगरनं त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली, तोंड मात्र जागेवर ठेवलं.

"तेरवी कवा हाये, साहेब?" दारातूनच ते लंगडत आले. "बुंदी ठेवजो. शुगर गेली चुलीत."

चाचांनी टेबलावरचा एक चष्मा उचलून खिशात घातला.

"मेल्यावर दोन-दोन चष्मे कायले लागते? हा मी नेतो."

उघडझाप चार. चाचांनी खुर्ची जवळ ओढली.

"याद हाये? माह्यी अम्मी निराधारच्या पैशासाठी तुह्या तहसीलीत आलती. खुद तुह्या टेबलासमोर उभी. अन् तू काय म्हनला? जित्तं असल्याचा दाखला आना!"

"नियम होता," आबाजी पुटपुटले.

"तिनं तुले शिव्या घातल्या. मेलेली बाई शिव्या देते का बे?"

"शिव्यांची नोंद फायलीत होत नाही!" आबाजींचा आवाज चढला. "उद्या ऑडिट आलं तर काय सांगू, बाई लय चांगल्या शिव्या देत होती म्हणून? तलाठ्याचा दाखला पायजे म्हणजे पायजे!"

"त मंग तुहा दाखला कुठी हाये, साहेब?"

"काढूनच राह्यलो ना! ही पोरगी मोबाइल सरळ धरत नाही!"

मी सरळ धरला. आबाजी कॅमेऱ्याकडे बघून नियमच सांगत होते. हिरवी खूण आली.

चाचांनी चष्मा खिशातून काढून टेबलावर ठेवला. "अम्मीले तीन चकरा माराव्या लागल्या होत्या. तुले बसल्या जागी भेटला."

"भाजी गरम कर," आबाजी मला म्हणाले आणि अर्धी पोळी पुढे ओढली. "अन् याले बिनसाखरेचा चहा दे. त्याचाही नियम हाये."

"असा मुर्दा पाह्यला नाही बाप्पा," चाचा म्हणाले.

दोघं तलाठ्यावरून पुन्हा भांडायला लागल्यावर मी घड्याळ लावून मोजलं.

मिनिटाला अकरा.