कुलूप लागलेले कपाट

मी एक जुने सागवानी कपाट आहे. मित्रांनो, मला घडवताना सुताराने खालचा कप्पा मुद्दाम बुटका ठेवला. शिवणकाम करणाऱ्या घरच्या बाईंनी त्याला बजावले होते, "बाळाची झबली मावली म्हणजे झालं." बाळ काही आले नाही. वर्षानुवर्षे माझ्यात चिंध्या आणि दोऱ्याची रिळे पडून राहिली.

मग बाई आणि त्यांचे बसचालक यजमान अनाथ मुलांच्या संस्थेतून अकरा वर्षांच्या एका मुलीला घरी घेऊन आले. मला धुऊनपुसून आत नवे फ्रॉक लावले. माझा ऊर भरून आला! यजमानांनी लाडाने "चिमणे" अशी हाक मारली, तर ती म्हणाली, "मला नाव आहे." याआधी दोन घरांनी तिला नेऊन परत आणून सोडले होते.

ती फ्रॉकांमागे पाव लपवायची. पावाला बुरशी आली, मुंग्या लागल्या, कपड्यांवर डाग पडले. बाई संतापल्या. "आम्ही काय उपाशी ठेवतो तुला? अगं, माग ना! चोरतेस कशाला?"



संस्थेच्या ताई समजावून गेल्या, "पुढचं जेवण मिळेल याचा भरवसाच नव्हता तिला कधी. साठवणारच ती. जरा सबुरीनं घ्या."

पण बाईंचा धीर सुटला. त्यांनी मला कुलूप ठोकले.

शाळेतून आल्यावर मुलीने ते पाहिले आणि मला लाथांवर लाथा घातल्या. माझे दार उभे चिरले. यजमान धावत आले. ती किंचाळली, "या ना परत सोडून! शेवटी सगळे तेच करतात!"

मला वाटले, आता कुणीतरी नाही म्हणेल. दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिला संस्थेत परत पाठवायचे ठरले. जायच्या दिवशी माझे कुलूप काढले, तेव्हा तिने सगळे फ्रॉक नीट घड्या घालून माझ्यात ठेवले. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. ती रडली नाही. बाई रडल्या, पण ती गेल्यावर.

काही दिवसांनी बाईंनी ताईंना फोन लावला. "कशी आहे हो ती?"

"जेवते. बोलत नाही. कुणी मूल बघायला आलं, की खालीच येत नाही."

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. एखादे जाणते मूल घरी आणाल. ते दार आपटेल, तुम्हाला घालूनपाडून बोलेल, "सोडा मला परत" म्हणेल. तेव्हा लगेच, त्याला ऐकू जाईल असे म्हणा, "नाही. तू इथंच राहायचंस."

मी लाकडाचे. मला ते म्हणता आले नाही.